फडाचं पाणी

ती. नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय, कारण तोंडावर सांगायला तीनदा आलो आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत गेलो. कंपनीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. सोमवारी गावी निघतोय. आपलं घर उघडून तिथंच राहणार.

मोसम नदीच्या काठावरून तुम्हाला उचलून नाशिकच्या या चौथ्या मजल्यावर मीच आणलं, आणि आता तुम्हाला इथं ठेवून मीच गावाला चाललोय. हे फार बोचतंय, नाना. पण तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत; आपला उंच उंबरा, न्हाणीच्या पायऱ्या अजून झेपायच्या नाहीत. तुम्ही नको आहात म्हणून नाही, एवढं मनात आणू नका.

खरं तर हे सुरू तुमच्यामुळेच झालं. दिवाळीत परी मोबाइलवर पाणी वळवायचा खेळ खेळत होती. तुम्ही चष्मा लावून पाहिलंत, म्हणालात, "पाणी असं धावत नाही." मग परातीत पीठ पसरून बोटानं बंधारा, पाट, चाऱ्या काढल्यात. पोरगी तासभर जागची हलली नाही. मलाही लहानपणी पांडवलेण्यात खडकात कोरलेले खेळांचे पट तुम्हीच बोट धरून दाखवले होतेत.

तसाच पाण्याचा खेळ मी बनवतोय. चार फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचे चार भाग; एका फडात एकच पीक, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नदी आटली की पाटकऱ्यानं प्रत्येकाला पाणी वाटून द्यायचं. एकानं जास्त ओढलं तर डाव सगळ्यांचाच जातो. आणि पुढची पायरी घरातल्या आजी-आजोबांना विचारल्याशिवाय उघडतच नाही. नुसतं वाचून हे येत नाही. विहिरी, मोटारी आल्या, हरणबारीचं धरण झालं, फड मोडत गेले. पाटकरकी केलेली माणसं आता गावात किती उरलीत, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचे आवाज आपल्या अहिराणीतच घेणार आहे. आई, तू मला 'आंडोर', म्हणजे मुलगा, म्हणतेस तेव्हा परी हसते. तिला तो शब्द आपला वाटायला हवा.

रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाताना तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. बांधावर गोणपाटात झोपायचो, पहाटे आई भाकरी-ठेचा घेऊन यायची. तो पाण्याचा आवाज अजून कानात आहे.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतरच. आई, उपवासाच्या दिवशीही औषध चुकवायचं नाही. दूधवाल्याचे पैसे दिलेत, सिलिंडर भरलेला आहे, लिफ्ट बंद असेल तर खाली उतरायचं नाही म्हणजे नाही. संध्याकाळी सूनबाई घरी असतेच. दर शनिवारी रात्री मी येईन, आणि डॉक्टर हो म्हणाले की वैशाखात तुम्हाला दोघांना घेऊन जाईन. ओसरीवर तुमची बाज आधीच टाकून ठेवतो.

नाना, एक अडलंय. रात्री शेवटच्या फडात पाणी पोचलं, हे वरच्या बाजूच्या माणसाला कसं कळवायचे? हाक मारून, की कंदील हलवून? रविवारपर्यंत आठवून ठेवा. परीला सांगितलंय, ती तुमचा आवाज फोनमध्ये घेईल.

तुमचा,
आंडोर