मंत्रीसाहेब, तरला दलालांची पुस्तकं रद्दीत का गेली?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

साहेब, सार्वजनिक ग्रंथालयं तुमच्या खात्यात येतात म्हणून तुम्हालाच लिहितेय. मागच्या मंगळवारी आमच्या गावच्या (सांगली जिल्हा) वाचनालयातून पाककलेची सगळी पुस्तकं दोन पोत्यांत भरून रद्दीवाल्याकडे गेली. गेल्या ८ मार्चला ह्याच वाचनालयात एका अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं की बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांचं वेगळं कपाट करू, आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. कपाट राहिलं बाजूला, होती ती पुस्तकंही गेली. विचारायला गेले तर म्हणे, "मावशी, आता यूट्यूबवर सगळं मिळतं, रीतसर निर्लेखन केलंय." म्हणजे पुस्तकं नोंदीतून बाद करून टाकली.

पोत्यात अगदी वरच तरला दलालांचं मराठीतलं पुस्तक होतं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा नाही, एकावर एक मारलेत. कुणी वाचत नाही म्हणून काढलं म्हणतात, ती चिठ्ठी तरी बघायची होती! आणि आत एका पानावर हळदीचा अंगठा उमटलाय, तो बहुतेक माझाच.

माझ्या मिस्टरांची सूतगिरणी बंद पडली तेव्हा दोन्ही मुली शाळेत होत्या. तेव्हा सोनीवर 'कुक इट अप विथ तरला दलाल' लागायचं, मी वही-पेन घेऊन बसायचे, त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की लिहून व्हायचं, पण आमच्याकडे लोडशेडिंग. ऐन वेळी लाइट जायची. माझ्या वहीत अजून आहे, "कॉर्नफ्लोअर २ चमचे, दुधात कालवून" आणि त्यापुढे पान कोरं. मग मी वाचनालयात जाऊन त्यांच्या पुस्तकांत तसलंच काही सापडतंय का बघायचे आणि पुढचं उतरवून घ्यायचे. ओव्हन नव्हता, जुन्या कढईत वाळू तापवून त्यावर डबा ठेवायचा आणि बिनअंड्याचा केक करायचा, पहिले दोन खालून करपले, तिसरा शेजारच्या बाळाच्या वाढदिवसाला गेला आणि त्याचे पैसे मिळाले. पुढं दोन्ही मुलींच्या फिया त्याच कढईनं भरल्या. सासूबाई अंडं घरात येऊ देत नव्हत्या, तरी पास्ता, मेक्सिकन, थाई सगळं आमच्या स्वयंपाकघरात आलं, कारण ह्या बाईंनी ते आपल्या शाकाहारी घरांना जमेल असं करून दिलं.

आणि ह्या बाई कोण, तर १९३६ साली आपल्या पुण्यात जन्मलेल्या, लग्नानंतर मुंबईला गेल्या, १९६६ मध्ये घरातच क्लास सुरू केले, १९७४ ला पहिलं पुस्तक आणि मग शंभराच्या वर पुस्तकं. २००७ ला पद्मश्री. २०१३ मध्ये गेल्या. देश पद्मश्री देतो आणि राज्याचं अनुदान घेणारं वाचनालय त्याच बाईला तराजूवर घालतं, हे कसं साहेब? त्याच पोत्यात कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होती. आमच्याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शिक्षण चौथीपर्यंत, आणि १९७० मध्ये त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात असं लिहिलं की नव्या नवरीलाही जमावं. त्या पुस्तकाला पाठीचं कव्हर उरलेलं नव्हतं, इतकं ते घरोघर फिरलंय.

स्पर्धा परीक्षांची पंधरा वर्षांपूर्वीची गाइडं मात्र कपाटात आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. वाचनालयाच्या कमिटीत एक बाई, तीही सहीपुरती. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड दर्जा आहे, तपासणी आहे, राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं असतील, मग कुठलं पुस्तक बाद करायचं हे वाचणाऱ्यांना विचारायची सोय कुठंच कशी नाही? तुम्हा लोकांना रांधणं म्हणजे ज्ञान वाटतच नाही. शाळेत शंभर पोरांची खिचडी शिजवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बाईचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं, ऑफिसात गेली की उद्या या. तिला कुणी कारागीर म्हणत नाही. सभेला आलात की जेवण मात्र तिच्याच हातचं लागतं, पिठलं-भाकरी, ठेचा, फोटोसकट.

मला स्वतःला काही नको. ती पुस्तकं परत दाखल करून घ्या आणि वाचकांची यादी न बघता निर्लेखन करायचं नाही असं परिपत्रक काढा, एवढंच.

हळदीच्या अंगठ्याचं ते पुस्तक मी चाळीस रुपये देऊन सोडवून आणलंय. बाकीची पोती रद्दीवाल्या भावांनी माझ्या शब्दावर बाजूला ठेवलीत, पण त्यांचा टेम्पो रविवारी कोल्हापूरला जातो. आज गुरुवार आहे.

आपली,
वाचनालयाची बावीस वर्षांची सभासद