शिबिरात तोलही तपासा

संपादक महोदय,

हल्ली ज्येष्ठांसाठी मोफत तपासणी शिबिरं बरीच होतात, चांगलंच आहे, पण तिथं बीपी, शुगर, डोळे, वजन सगळं बघतात आणि माणूस स्वतःच्या पायावर नीट उभा राहतो का हे मात्र कुणी बघत नाही. आईमुळे लिहितेय हे. वय 74, शुगर 18 वर्षांपासून. गेल्या पावसाळ्यात बेसिनपाशी तोंड धुताना पडली, मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर झालं, पण पडली कशी हे दवाखान्यात कुणी विचारलंच नाही, आम्हीही म्हटलं फरशी ओली असेल, वय झालंय.

नंतर मनगटासाठी फिजिओथेरपीला गेलो तर तिथल्या ताई आईची चाल बघून म्हणाल्या, मनगट राहू दे, आधी तोल बघू. पाय जुळवून उभं केलं, डोळे उघडे तोवर ठीक, मिटायला सांगितले तर चार-पाच सेकंदांत आई डुलायला लागली, ताई मागेच हात पसरून उभ्या होत्या म्हणून बरं. ही रोम्बर्ग टेस्ट, एकोणिसाव्या शतकापासूनची. तोलाला डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांची जाणीव तिन्ही लागतात, आईच्या तळपायांना शुगरमुळे नीट कळतच नव्हतं, ती डोळ्यांच्या भरवशावर उभी राहायची आणि तोंडाला साबण लावला की डोळे बंद! चालताना चप्पल निसटून मागे राहायची तरी तिला पत्ता नसायचा, आम्ही मात्र चप्पलच बदलत बसलो.

मग दुसरी टेस्ट, खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, आईला 21 लागले, नुसतं वळायलाच सहा-सात पावलं. आता रोज ओट्याला धरून व्यायाम करते, 16 वर आलीये, आणि तोंड स्टुलावर बसून धुते.

याला मशीन लागत नाही हो, खुर्ची, फरशीवर चिकटपट्टी आणि मोबाईलमधलं घड्याळ, बास. शेजारी धरायला एक माणूस मात्र हवाच, घरी कुणी एकट्याने करू नये. शिबिराच्या कार्डावर बीपीखाली एवढा एक रकाना वाढवा, आणि बीपीसुद्धा नुसतं बसवून नको, उभं करून पण घ्या, उठल्यावर वरचा आकडा 20 ने उतरला तरी माणूस पडू शकतो.

आमच्या भागात पुढच्या महिन्यात शिबिर आहे, खुर्ची आणि पट्टी मी घेऊन येते असं आयोजकांना सांगून आलेय.

– एक वाचक, सांगली