पळीपापड्या, चिंचोके आणि मिठातला बर्फ

प्रिय सखे,

मुलांची परीक्षा संपली, आता दीड महिना घरात करायचं काय, असं विचारलंस. माझं मत ठाम आहे: उन्हाळ्यात मुलांना घरातलं खरं काम द्यावं, लुटुपुटूचं नको. ज्याला त्यांचा हात लागला आणि जे पुढे सगळ्यांच्या पानात आलं, त्याची गोडी त्यांना वेगळीच लागते. तीनच गोष्टी लिहिते, पण मापांसकट, म्हणजे ऐन वेळी अडायला नको.

पहिली, साबुदाण्याच्या पळीपापड्या. कुरडयांच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नकोस. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, चीक खाली बसू द्या. एवढी वाट बघण्यात मुलांचा उत्साह संपतो. (कढत चिकात दूध-साखर घालून खाण्याचं सुख मात्र कुरडयांतच.) पळीपापडी एका सकाळचं काम.

1 वाटी साबुदाणा धुऊन, वर बोटभर पाणी राहील असा रात्री भिजत घाल. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात 6 वाट्या पाणी उकळलं की तो त्यात सोड आणि ढवळत राहा, हात थांबला की तळाला धरतो. पंधरा-वीस मिनिटांत दाणे काचेसारखे दिसू लागतात. दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका दिसतो आहे तोवर गॅस बंद करू नकोस. तो दाणा आत कच्चा असतो, वाळल्यावर खड्यासारखा दाताखाली येतो आणि तळताना फुलत नाही. दोन हिरव्या मिरच्या वाटून, चमचाभर जिरं आणि मीठ घाल. चव बघशील तेव्हा मीठ जरा कमीच वाटायला हवं. पाणी उडून गेलं की तेवढंच मीठ खारट लागतं. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं.

आता मुलांचं काम. आठच्या आत गच्चीवर जा, नंतर फरशी तापते आणि त्यांचे पाय भाजतात. झाडून, जुनी चादर घालून, वर जाड प्लास्टिक पसरा आणि चारी कडांवर विटा ठेवा. पीठ जरा कोमट होऊ दे, मग प्रत्येकाच्या हातात एक पळी. पळीभर पीठ ओतायचं आणि पळीच्याच बुडाने हलके एक-दोन वेढे देऊन पुरीएवढं पसरायचं. तिसरा वेढा दिला की पापडी कागदासारखी पातळ होते, प्लास्टिकला चिकटते आणि काढताना तिच्या चिंध्या होतात. उलट, पीठ गोळ्यासारखं पडत असेल तर पापडी वरून वाळते, आत ओली राहते आणि मधोमध तडकते. अशा वेळी पिठात उकळतं पाणी घालून सारखं कर, गार पाणी घालू नकोस. धाकट्यांच्या पापड्या वेड्यावाकड्या होतील, होऊ देत. तळणात कोणती कोणाची हे त्यांना बरोबर ओळखू येतं.

संध्याकाळी कडा आपोआप उचलल्या जातात, पण मध्य अजून मऊ असतो. त्या वेळी मुलं एखादी तरी मटकावणारच: कडेला कुरकुरीत, मधे चिवट, जिऱ्याच्या वासाची. थोडं पीठ त्या हिशेबानेच जास्त कर. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडू नकोस. प्लास्टिक उचलून खालून बोटाने ढकललं की पापडी सुटते. उलटून आणखी एक कडक ऊन दे. मोडल्यावर कट् आवाज आला तर झाली, वाकली तर नाही. एक तळून बघ, मध्य पांढरा फुलला नाही तर अजून ओल आहे. कावळ्यांनी पळवू नयेत म्हणून वरून पातळ सुती साडी पसर. हे सगळं मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या अगोदर आटप. खरं तर मे निम्मा सरला की वळवाच्या ढगांचा भरवसा नसतो.

दुसरी, अष्टाचम्मा हा सोंगट्यांचा खेळ. दुपारी बारा ते चार मुलांना बाहेर सोडायचं नाही, तेव्हा हाच. खडूने फरशीवर 5 गुणिले 5 घरं आख. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मध्यावर फुल्या मार. फाशांसाठी चार चिंचोके खरखरीत दगडावर घासायला दे. एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासायचे, त्यातच एक दुपार छान जाते. चारही पांढरे पडले की चम्मा, म्हणजे 4. चारही काळे पडले की अष्टा, म्हणजे 8. दोन्हींना पुन्हा खेळायला मिळतं. एकही सोंगटी न मारता आतल्या घरांत शिरता येत नाही, हा नियम सोडू नकोस. सगळी चुरस त्यातच आहे.

तिसरी, आंब्याचं आइस्क्रीम. फिरवायचा लाकडी पॉट कुठे मिळाला तर उत्तमच, पण घट्ट झाकणाच्या दीड लिटरच्या स्टीलच्या डब्यातही होतं. अर्धा लिटर म्हशीचं दूध पाऊणपट होईपर्यंत आटव, 5 मोठे चमचे साखर घाल आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार कर. मग दोन हापूसचा रस मिसळ. कोमट दुधात रस घातलास तर दूध फाटेल. साखर हात सैल सोडून घातलीस तर मिश्रण घट्टच होणार नाही. डबा अर्ध्याच्या वर भरू नकोस.

मोठ्या बादलीत फोडलेला बर्फ आणि खडे मीठ यांचे थर दे: 3 किलो बर्फाला पाऊण किलो मीठ. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही आणि गोड दूध शून्याला गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता आपल्याच भोवतालातून ओढतो आणि ते पाणी शून्याच्या कितीतरी खाली जातं. म्हणून साचलेलं पाणी ओतून टाकू नकोस, डब्याला सगळीकडून गारवा तेच लावतं; फक्त ते झाकणापर्यंत चढू देऊ नकोस. मुलांनी पाळी लावून डबा अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवायचा, हातात फडकं धरून. त्या पाण्यात उघडा हात घालू देऊ नकोस, कातडी भाजल्यासारखी होते. लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, तोंडात घालायचा नाही हेही आधीच बजाव. दर पाच मिनिटांनी झाकण आधी कोरडं पुसून मगच उघडायचं, नाहीतर खारट थेंब आत पडतो. कडेला धरलेला थर लाकडी चमच्याने मधे ओढायचा; तो तसाच राहिला तर कडेला दगड आणि मधे दूध अशी गत होते. तीस-चाळीस मिनिटांत चमचा जड चालू लागतो. तेव्हा थांबा आणि लगेच खा.

मीठ मात्र आजच आणून ठेव. खड्यांचं हवं, बारीक नको, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मागितल्याबरोबर मिळेलच असं नाही.

तुझीच,
मैत्रीण