विश्वास ठेवायचा तो एकट्या ठेवीदारानेच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतसंस्थांवरचा कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे झकास. पण शेवटी दोषी ठरला कोण? तर दीड-दोन टक्के जादा व्याजाला भुलणारा ठेवीदार! आभारी आहोत.

मुलीच्या शिक्षणासाठी मी गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, तेव्हा दोन जामीनदार उभे केले, पगारपत्रक दिले, सह्या करून कोरे चेक दिले. चेअरमन माझाच विद्यार्थी. तरी ‘सर, नियम आहे’ म्हणाला. पटले. एकही हप्ता न चुकवता कर्ज फेडले. पुढे निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी त्याच संस्थेत ठेवली. त्या दिवशी मी चेअरमनकडे जामीनदार मागितला असता, तर गावभर हसे झाले असते. मला मिळाली ठेवपावती आणि वर चहा. मुदत कधीच संपली. आता काउंटरवर ‘सर, आमच्यावर विश्वास नाही का?’ असे ऐकून घरी यायचे. पिग्मीवाला पोरगा मला पाहून गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो. त्याला तरी काय बोलणार, त्याच्या आईचे पैसेही तिथेच अडकलेत.

डोळसपणे ठेव ठेवा, असा आपला सल्ला. म्हणजे नेमके काय करायचे? भिंतीवर ‘लेखापरीक्षण वर्ग अ’ असा फलक होता, तो मी चष्मा लावून वाचला होता. आतली दप्तरे तपासणे माझे काम की सहकार खात्याचे? बँक बुडाली तर निदान ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंत मिळतात. पूर्वी १ लाखच मिळत. पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले, त्यानंतर २०२० मध्ये मर्यादा वाढली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा मुळात नाहीच. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे म्हणतात. आहे खरा. मालमत्ता जप्त व्हायची, लिलाव व्हायचा, मग वाटप. तोवर ठेवीदाराने तब्येत सांभाळायची.

जाता जाता एक. याच संस्थेची पानभर जाहिरात दिवाळीत आपल्याच अंकात होती. चेअरमनचा हात जोडलेला फोटो, खाली ‘विश्वास हीच आमची पुंजी’. ती छापताना आपले डोळे उघडे होते ना? ‘या ठेवींना विमा संरक्षण नाही’ एवढी एक ओळ त्याच जाहिरातीखाली छापायला किती जागा लागते, ते आपल्या जाहिरात विभागाला विचारून कळवावे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
(नाव छापू नये, अजून पैसे निघायचे आहेत.)