भिंतीवरच्या अळीची आधी ओळख पटवावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की नागपुरातील घराघरांत भिंतींवर, न्हाणीघरात आणि कूलरमागच्या ओलसर कोपऱ्यात बारीक अळ्या दिसू लागतात आणि त्यांचे फोटो वसाहतींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागतात. त्याखाली हमखास दोनच प्रश्न असतात : ही चावते का, आणि कोणते औषध फवारायचे? ती कुठे सापडली आणि काय खात होती, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक ओळख पटते ती त्यावरूनच.

सर्वाधिक घबराट उडते ती भिंतीला चिकटलेल्या राखाडी, चपट्या, काकडीच्या बीसारख्या पिशवीमुळे. साधारण एक सेंटीमीटर लांबीची ही पिशवी बहुतेकांना कचराच वाटते; पण थोडा वेळ निरखल्यास एका टोकातून गडद डोके आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येतात व अळी पिशवीसकट पुढे सरकते. वाट अडवली की ती आत शिरून दुसऱ्या टोकातून डोके काढते, कारण पिशवी दोन्हीकडून उघडी असते. ही एका लहानशा पतंगाची अळी असून स्वतःच्या रेशमाला वाळूचे कण, धूळ आणि धागे चिकटवून ती हे घर बांधते. जुनी जळमटे, मेलेले कीटक, गळलेले केस आणि लोकर हे तिचे खाणे. ती माणसाला चावत नाही. जळमटे काढणे, कपाटामागचा केर झाडणे आणि ओल कमी करणे एवढ्याने तिचा बंदोबस्त होतो. असे असताना आमच्या परिचयातील एका कुटुंबाला फवारणी करणाऱ्याने ‘ही वाळवीची सुरुवात आहे’ असे सांगून सगळ्या खोल्या फवारायला लावल्या. या अळीचा लाकडाशी काडीचाही संबंध नाही.

पिशवी नसलेली, पांढरट-पिवळसर अळी छताच्या कोपऱ्याकडे चढताना दिसली, तर शोध स्वयंपाकघरात घ्यावा. रवा, तांदूळ, शेंगदाणे किंवा सुक्यामेव्याच्या डब्यात जाळी करून वाढलेली पतंगाची अळी कोष करण्यासाठी डबा सोडून भिंतीवर येते. तेव्हा भिंतीवर फवारण्यापेक्षा डबे उपसून जाळी धरलेला जिन्नस बाहेर काढणे शहाणपणाचे.

कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी दिसली, तर ती बहुधा लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी-लाल, दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. संत्र्याच्या रोपवाटिकेत ती कोवळी पाने फस्त करत असल्यामुळे तिथे ती कीडच ठरते. घरच्या एखाद्या झाडावर मात्र चार पाने गेली तर गेली, असे माझे मत आहे. शेवग्याच्या बुंध्यावर घोळक्याने बसणाऱ्या केसाळ अळ्यांना मात्र हात लावू नये. त्यांचे केस त्वचेत रुतून खाज सुटते. अशा वेळी चोळू नये, चिकटपट्टी लावून केस ओढून काढावेत व जागा साबणाने धुवावी.

पायांवरूनही बरेच कळते. फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्यांना छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सोयाबीनवरील उंटअळीला मधल्या जोड्या कमी असल्यामुळे ती पाठ उंचावत चालते, हे विदर्भातील शेतकऱ्यांना सांगायला नको. न्हाणीघराच्या मोरीत वळवळणाऱ्या माश्यांच्या अळ्यांना असे पाय नसतात, तर असंख्य पायांचा, हात लावताच वेटोळे करणारा वाणी हा किडा अळी नव्हेच.

नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि जुने कृषी महाविद्यालयही आहे. आपण या संस्थांमधील कीटकतज्ज्ञांच्या मदतीने पावसाळ्याच्या महिन्यांत वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांची ओळख पटवून देणारे छोटे साप्ताहिक सदर सुरू करावे, अशी विनंती आहे. वाचकांनीही केवळ अळीचा फोटो न पाठवता शेजारी एखादे नाणे ठेवून एक वरून व एक बाजूने असे दोन फोटो काढावेत आणि ती कोणत्या खोलीत, कशावर सापडली हे सोबत लिहावे.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर