पारा जळत नाही

वाहनांच्या धुरावरील आपला लेख (रविवार पुरवणी) वाचला. उत्प्रेरक परिवर्तक (धुरातील विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारे उपकरण) आणि गाळण्या बसवल्या की धूर निरुपद्रवी होतो, हा त्यातला सूर पटला नाही. कच्च्या तेलातला अत्यल्प पारा पेट्रोल-डिझेलमध्येही उतरतो. कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर होऊ शकते. पारा मूलद्रव्य असल्याने तो नष्ट होत नाही, फक्त रूप बदलतो. बराचसा वाफ होऊन निघतो आणि महिनोन्‌महिने हवेत फिरतो. गाळणीत अडकतो तो काजळीच्या कणांना चिकटलेला थोडा भाग. जलाशयात पोहोचलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथाइल पारा (पाऱ्याचे अधिक विषारी संयुग) करतात आणि तो माशांत साठत जातो.

वाहने हा पाऱ्याचा मुख्य स्रोत नव्हे, हे मान्यच. सोन्याच्या छोट्या खाणी आणि कोळसा त्याहून कितीतरी पुढे आहेत. पाऱ्याचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या २०१३च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने हवेतील उत्सर्जनासाठी निवडलेल्या पाच स्रोतांतही वाहने नाहीत. पण प्रचलित धूर-मानकांत पाऱ्याचा रकानाच नसतो आणि जे मोजलेच जात नाही ते ‘नगण्य’ ठरवणे घाईचे आहे. निदान इंधनाच्या नमुना-तपासणीत तरी पारा मोजावा.

– एक वाचक