उजनीचा आलेख मार्गी लावून देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळापुढे दरमहा जे सादरीकरण ठेवले जाते, त्यातील आलेख एक्सेलच्या फाइलशी जोडून देण्यासाठी आपण महाविद्यालयातील तासिका सांभाळून आमच्या कार्यालयात येत राहिलात, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. आभार समक्ष मानले होतेच. परंतु आपण दाखवलेल्या काही गोष्टी सोलापूर जिल्ह्यातील इतर कंपन्यांच्या, सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या कार्यालयांत हेच काम करणाऱ्यांना उपयोगी पडतील, म्हणून ते जाहीरपणे मानावेत असे वाटले.

आमचे सादरीकरण तसे साधेच आहे. जिल्ह्याच्या ११ तालुक्यांतील पाऊस, उजनी धरणाचा साठा, सोलापूर बाजार समितीतील कांद्याची आवक आणि डाळिंबाचे दर एवढाच त्याचा पसारा. आकडे सगळे एक्सेलमध्ये, स्लाइडवर मात्र मूळ फाइलशी न जोडलेला आलेख. एखादा आकडा बदलला की आलेख पुन्हा कॉपी करायचा, जुना काढायचा, नवा त्याच जागी बसवून आकार जुळवायचा, हा उद्योग बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ठरलेला असे.

एक्सेलमधील आलेख पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट केल्यावर त्याच्या कोपऱ्याशी जे छोटे चिन्ह येते, त्यात पाच पर्याय असतात: दोन एम्बेड करण्याचे (म्हणजे एक्सेलची फाइल, अर्थात वर्कबुक, सादरीकरणातच बसवण्याचे), दोन लिंक करण्याचे (म्हणजे आलेख बाहेरच्या मूळ फाइलशी जोडण्याचे) आणि एक चित्राचा. कार्यालयात सर्वांची समजूत अशी होती की हा फरक रंगसंगतीपुरता आहे. आपण तो एका कृतीने दाखवलात. कर्जप्रकरणासाठी बँकेकडे पाठवायच्या प्रतीत पावसाचा आलेख एम्बेड केलेला होता. त्यावर उजवे क्लिक करून आपण ‘एडिट डेटा’ निवडलेत, तेव्हा पावसाच्या आकड्यांबरोबर संपूर्ण वर्कबुकच उघडले आणि शेजारच्याच शीटवर सभासदनिहाय येणे बाकी दिसू लागली. ही फाइल आजवर कोणाकोणाकडे गेली आहे, असे अध्यक्षांनी तिथल्या तिथे विचारले. लिंक केलेल्या आलेखाबरोबर मूळ वर्कबुक जात नाही. स्लाइडवर त्या आलेखापुरते शेवटचे आकडे राहतात, त्यामुळे सभागृहातील लॅपटॉपवर एक्सेलची फाइल नसली तरी आलेख दिसतोच. ही माहिती त्या दिवशी सर्वांनाच नवी होती.

लिंकच्या मर्यादाही आपण लगेच सांगितल्यात, हे मला विशेष वाटते. लिंकमुळे आकडे येतात, सजावट येत नाही. एक्सेलमध्ये स्तंभाचा रंग बदलला म्हणून स्लाइडवर तो बदलत नाही. आलेखाखाली आपण हाताने टाइप केलेल्या वाक्यातील आकड्याला तर लिंकचा पत्ताही नसतो. शिवाय लिंकमध्ये मूळ फाइलचा पूर्ण पत्ता साठवलेला असल्याने जुन्या संगणकावरचे फोल्डर दुसरीकडे हलवले की सगळे संबंध तुटतात. अशा वेळी ‘फाइल’मधील ‘इन्फो’ येथे जाऊन ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ उघडावे आणि ‘चेंज सोर्स’ने नवा पत्ता द्यावा लागतो. त्या यादीत प्रत्येक आलेखाची स्वतंत्र ओळ असते, त्यामुळे काम कंटाळवाणे होते खरे.

सर्वाधिक वेळ गेला तो उजनीच्या आलेखावर, आणि माझ्या मते आपली खरी मदतही तिथेच झाली. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. टक्केवारी मोजली जाते ती उरलेल्या उपयुक्त साठ्याची, आणि पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले की ती उणे होते. त्यामुळे उन्हाळ्यात धरणात भरपूर पाणी दिसत असतानाही वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असा मथळा येतो. आमच्या जुन्या आलेखात उभ्या अक्षाची किमान मर्यादा शून्यावर कायम केलेली होती. लिंक जोडल्यावर आकडे बिनचूक येत होते, पण एप्रिल आणि मे महिन्यांचे स्तंभ मात्र कुठेच नव्हते, कारण ते शून्याच्या खाली होते आणि अक्ष तिथपर्यंत जातच नव्हता. लिंकमध्ये दोष शोधत बसण्याऐवजी आपण अक्षाची मर्यादा मोकळी केलीत. त्याबरोबर महिन्यांची नावे उणे स्तंभांवर चढू लागली, तेव्हा अक्षाच्या लेबलांची जागा ‘लो’ करून ती तळाशी नेलीत.

त्याच आलेखात पुढच्या महिन्यांचा प्रश्न होता. वर्षाच्या १२ ओळी आधीच आखून ठेवाव्यात, म्हणजे आलेखाची व्याप्ती दर महिन्याला बदलावी लागत नाही, ही आपली सूचना. परंतु ज्या महिन्यांचे आकडे अजून यायचे आहेत, तिथे आमचा फॉर्म्युला रिकामा मजकूर देत होता आणि एक्सेल तो शून्य समजून रेखाटत होते. कांद्याच्या आवकेत असा शून्य कोणीही ओळखेल. उजनीच्या बाबतीत शून्य टक्के ही एक खरीखुरी स्थिती आहे, आणि पुढच्या महिन्यावर तो आकडा दिसला तर शेतकरी त्यावरून पाण्याच्या पाळीचा अंदाज बांधतील. आपण तिथे ‘एनए’ फंक्शन वापरायला लावलेत, म्हणजे तो बिंदू आलेखात उमटतच नाही. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीलाच रिकामी जागा आणि शून्य यांतील फरकाची इतकी काळजी असावी, असे आमचे अकाउंटंट नंतर म्हणाले.

दुसरा महत्त्वाचा विषय इतिवृत्ताचा. आलेख नेहमी ताजे राहावेत एवढीच आमची मागणी होती. ते कुठे ताजे होऊ नयेत, हा प्रश्न आपण विचारलात. जूनच्या बैठकीचे सादरीकरण ऑक्टोबरमध्ये उघडले आणि ‘अपडेट लिंक्स’ला होकार दिला, तर त्यात ऑक्टोबरपर्यंतचे आकडे भरतात आणि ज्या आकड्यावर ठराव झाला तोच पडद्यावरून जातो. लेखापरीक्षणात हा प्रश्न निघाला असता तर उत्तर देणे अवघड होते. आता आम्ही आपल्या सांगण्याप्रमाणे लिंकचा प्रकार ‘मॅन्युअल’ ठेवतो, बैठकीच्या दिवशी कार्यालयातच ‘अपडेट नाऊ’ देऊन फाइल सेव्ह करतो, आणि बैठक संपल्यावर त्याच फाइलची एक प्रत काढून तिच्यातील सगळ्या लिंक ‘ब्रेक लिंक’ने तोडतो. ती प्रत पीडीएफसह इतिवृत्ताच्या फोल्डरमध्ये जाते. बाहेर पाठवायची असते तीही हीच प्रत. चालू फाइल मात्र एकच राहते.

मानधनाचा विषय काढला तेव्हा आपण तो शेंगाचटणीच्या पुडीवर मिटवलात. संचालक मंडळाने आपल्या आभाराचा ठराव केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. तालुकानिहाय पावसाचा आलेख अद्याप ११ रंगांच्या ११ रेषांचा आहे आणि मागच्या रांगेतून त्यातील सांगोला कोणता व मंगळवेढा कोणता हे कळत नाही. त्याचे काय करावे, हे विचारण्यासाठी सत्रपरीक्षा संपल्यावर आपल्या सोयीने एकदा भेटीची वेळ मिळावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
कार्यालयीन सहायक,
शेतकरी उत्पादक कंपनी, सोलापूर